पुजलेल्या बॅटऱ्या

शालिकराम हेडाऊचं घराणं विणकरांचं. घरचा हातमाग बंद पडला तेव्हा तो इतवारीतल्या एका बॅटरीच्या दुकानात लागला आणि असा तयार झाला, की ट्रकवाले दुसऱ्या कुणाला बॅटरीला हात लावू देईनात. ॲसिडनं त्याच्या सदऱ्याला कायम भोकं. मी मात्र कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर, इस्त्रीच्या कपड्यातला. त्याच्याविषयी लिहायचं म्हटलं की मला माझीच लाज वाटते.

त्याचा थोरला भाऊ धोंडबा सायकलरिक्षा चालवायचा. पन्नाशी उलटली तसा त्याला दम लागू लागला. शालिकरामनं एक जुनी मोटर आणि ट्रकच्या दोन बॅटऱ्या बसवून त्याची रिक्षा विजेवर चालती केली. धोंडबाचा विश्वास बसेना. "पुलाचा चढ चढून दाखव, मंग पायडल काढून फेकतो," तो म्हणाला.

मी दोघांनाही हसायचो. "बॅटरी म्हणजे नुसतं ओझं, गा. उद्याची गाडी हायड्रोजनवर चालेल. त्याच्यापासून वीज होते आणि मागं उरतं ते फक्त पाणी!"

"पण सर, तो हायड्रोजन बनवाले वीज लागतेच ना?" शालिकराम विचारायचा. "मंग ते वीज सरळ बॅटरीतच काहून नाही भरत?"

त्यावर मी चिडायचो.

चौऱ्याऐंशी साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. त्यात त्याची रिक्षा जवळच्या रेल्वे पुलावर चढणार होती आणि माझी हातभर लांबीची हायड्रोजनची गाडी टेबलावर पळणार होती. दसऱ्याच्या सकाळी त्यानं पूर्ण चार्ज केलेल्या बॅटऱ्या माझ्या प्रयोगशाळेत आणून ठेवल्या. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली आणि हात जोडले. "आज यांले हात नाही लावत. उद्या सरळ जोडतो," म्हणाला. त्यांच्या घरची रीतच तशी होती. पुजलेला माग दुसऱ्या दिवशी तपासायचा नाही, सरळ धोटा मारून विणायला लागायचं. तपासणं म्हणजे देवावर संशय.

तो गेला. माझा हायड्रोजन तयार व्हायचा होता आणि सुट्टी म्हणून कॉलेजची वीज मेनमधूनच बंद होती. समोर भरलेल्या दोन बॅटऱ्या. आयत्या बिळावर नागोबा! कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून मी फुलं अलगद बाजूला केली, तारा जोडल्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढून रबरी फुग्यांत भरला. मग फुलं होती तशी परत ठेवली. थोडी वीज गेली असेल, असं मी स्वतःला बजावलं. किती गेली ते मोजायचं यंत्र माझ्या हाताशी होतं. मी मोजलं नाही.

दुसऱ्या दिवशी शालिकरामनं रीतीप्रमाणे न तपासता बॅटऱ्या जोडल्या. रिक्षा निम्मा चढ चढली, थांबली आणि मागं घसरली. हँडल धरून बसलेला धोंडबा पडला, गुडघा फुटला. पोरं शिट्ट्या मारत होती. "पुन्हा या गाडीवर नाही बसत मी," धोंडबा म्हणाला. माझी गाडी मात्र टेबलावर झोकात पळाली आणि मला पहिलं बक्षीस मिळालं.

सगळ्यांच्या आधी अभिनंदनाला आला तो शालिकराम. "एका दिवसात चार्ज उतरला, सर. म्हंजे माह्याच बॅटरीच्या प्लेटा कच्च्या. तुमचा गॅसच खरा."

मी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "होतं असं कधी कधी." याहून हलकं वाक्य मी आयुष्यात बोललो नाही. त्यानं मोटर काढून टाकली आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

तीन वर्षांनी सीताबर्डीवर मी घाईत एका रिक्षात बसलो. चालवणाऱ्यानं मागं वळून पाहिलं, तो धोंडबा होता. पुलाच्या चढाला तो खाली उतरला, एक हात हँडलवर आणि एक सीटवर ठेवून, वाकून रिक्षा ओढू लागला. त्याच्या छातीची घरघर मला मागं ऐकू येत होती.

"थांबा, उतरतो मी," मी म्हणालो.

"बसून राहा, सर," तो धापा टाकत म्हणाला. "शालिक आजही लोकायले सांगते, बॅटरीत दम नाही. सरनं पोटतिडकीनं सांगतलं होतं, मीच आयकलं नाही, म्हणते."

खरं काय ते ओठांवर आलं होतं. चढ संपेपर्यंत मी बसून राहिलो.