म्हशीची धार

शिक्रापूरला पेंडीच्या ट्रकमागे थांबलो आणि त्या वासाने न्हावऱ्याचा आमचा गोठा आठवला. त्या दिवशी पहाटेच आप्पा, माझे वडील, गेले होते. ओसरीवर माणसं जमलेली, गोठ्यात म्हैस ओरडत होती. आई आप्पांच्या उशाशी होती. ती उठली आणि बादली घेतली.

"आज ऱ्हाऊ दे, वहिनी," आत्या म्हणाली.

"कास तटलीय तिची. घरात काय झालंय, तिला काय ठावं?"

हिचं काळीज दगडाचं आहे, असं वाटलं मला. मागोमाग गेलो, तर म्हशीच्या कुशीला कपाळ टेकून ती धार काढत होती. खांदे हलत होते, हात थांबत नव्हते.

मागच्या महिन्यात माझी बायको गेली. दहावं-तेरावं उरकताच कंपनीत गेलो. "एवढ्यात कशाला आलास?" सुपरवायझर म्हणाला. मी मशीन सुरू केलं. त्याच्या आवाजात मला मोठ्याने रडता आलं.