अक्काच्या हित्तलात

वाळवलेली झाडं कागदावर चिकटवून जपून ठेवायची जागा म्हणजे हर्बेरियम. हेब्बाळजवळच्या अशाच एका हर्बेरियममध्ये मी कागदांवरच्या जुन्या चिठ्ठ्या वाचून संगणकात नोंदी करते. झाडाचं नाव, कोणी आणलं, कुठून, केव्हा. गबाळ्या अक्षराचा मला मनस्वी राग येतो, आणि दिवसभर तेच वाचावं लागतं.

गेल्या महिन्यात चिकवीडचा गठ्ठा आला. चिकवीड म्हणजे बागेतून उपटून फेकायचं तण. फूल नखाएवढंही नाही. पाकळ्या पाचच, पण प्रत्येक खोलवर चिरलेली, त्यामुळे नवखा माणूस हमखास दहा मोजतो. तिसऱ्याच कागदावर आईचं अक्षर दिसलं. आई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. तिचा एखादा कागद इथे असेल याची मला कल्पनाच नव्हती. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ठिकाण म्हणून तिने एवढंच लिहिलं होतं: 'अक्काच्या हित्तलात'.

नोंदी तपासणारा मुलगा पुण्याहून नुकताच आलेला. तो म्हणाला, "मॅडम, हे हित्तल गाव मॅपवर सापडत नाहीये. लोकेशन नसेल तर रेकॉर्ड रिजेक्ट होतं."

मला हसू आवरेना. "अरे, हित्तल म्हणजे कानडीत परस. आम्ही इथले जुने, घरात असंच बोलतो. आणि अक्का म्हणजे माझी मावशी. आई तिला अक्काच म्हणायची. तिचं घर आनेकलला. लिही आनेकल."

त्याने लिहिलं. नकाशावर आनेकलला एक ठिपका उमटला. माझ्या आईचा ठिपका! त्या दिवशी मी डबा चवीने खाल्ला.

आम्ही कागदाचा फोटो फक्त समोरून काढतो. मागची बाजू कोणी बघत नाही. दुसऱ्या दिवशी तो कागद फोल्डरमध्ये घालताना हातातून निसटला आणि टेबलावर पालथा पडला. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'अक्काने मुळासकट उपटून आणलं. वय पाच.'

मावशी आईपेक्षा सात वर्षांनी मोठी.

मग हळूहळू उलगडलं. धाकटा भाऊ बोलायला लागला तेव्हा त्याने मला नावाने हाक मारू नये म्हणून आई स्वतःच मला अक्का म्हणू लागली होती. त्याने काही दाद दिली नाही, आणि तिनेही नाद सोडला. त्या सुमारास आम्ही भाड्याची तीन घरं बदलली. जे. पी. नगरचं एक मला पुसट आठवतं, तेही जिन्यापुरतं. परस कुठल्या घराला होतं? माझं म्हणावं असं परस? डोळे मिटून बसले, खूप ताण दिला. काही म्हणजे काही येईना. स्वतःचा इतका संताप कधी आला नव्हता.

खोटं ठिकाण ठेवणं मला जमणार नव्हतं. मुलाला बोलावून आनेकल खोडायला सांगितलं. ठिपका गेला.

"सॉरी मॅडम," तो म्हणाला. "पण तेव्हा तिथे असलेलं कोणी आहे का? त्यांना विचारून बघू."

"आहे ना एक जण," मी म्हणाले. "तिलाच विचारतेय कालपासून."