परसातली कळलावी

माहेरी, पोलादपूरकडच्या डोंगरात, कळलावी कुंपणावर आपोआप चढायची. लग्नानंतर तिचा एक कंद मी महाडला आणला आणि परसात लावला. नाव ऐकताच सासूबाई म्हणाल्या, “ती घरात भांडणं लावते गो. आधी उपटून टाक!” मी ऐकलं नाही.

दिवाळीनंतर वेल वाळली. कंद जमिनीत जिवंत असतो, हे मी किती वेळा सांगितलं! तरी त्यांनी माती खणून कंद कुंपणापलीकडे भिरकावला आणि तिथे मिरच्या लावल्या. कितीतरी दिवस आम्ही एकमेकींशी धड बोललो नाही.

पावसाळ्यात मातीत राहिलेल्या तुकड्यातून मिरच्यांमध्येच कोंब आला. त्यांनी तो खुडला, तर शेजारी दुसरा आला. शेवटी त्याच थकल्या.

गौरी आणायच्या दिवशी बघते तर वेलीवर एक फूल नाही! लाल-पिवळी सगळी फुलं गौरीपुढे मांडलेली.

“निदान विचारायचं तरी!” मी चिडून म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या शेजारणीला सांगत होत्या, “आमच्या परसातलीच हायत, बाजारातली नाय. फार जपावं लागतं हो हिला.”