नवरी छे?

मोबाइलवर तिकिटांची रांग होती आणि ती काही केल्या सरकेना. कॉलेजात आम्हाला वेड लावणारी ती चौघं जुनं भांडण मिटवून पुन्हा एकत्र गायला लागली होती. गावोगावची स्टेडियमं भरत होती, गर्दीचे रेकॉर्ड मोडत होते, आणि आता ती अहमदाबादला येणार होती. गॅसवर डाळ करपली तरी मी सुरतेजवळच्या भेस्तानच्या आमच्या स्वयंपाकघरात मोबाइलला चिकटून उभी. शेवटी मिळाली एकदाची. दोन तिकिटं.

"दुसरं माझं असेल तर देऊन टाक कुणाला," हजीऱ्याच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेला नवरा म्हणाला. "ती चौघं आता गुडघे धरून नाचणार."

"तुमचं नाहीच ते," मी म्हटलं.

ते होतं माझ्या कॉलेजातल्या गुजराती मैत्रिणीचं, आणि तिला मी विचारलंसुद्धा नव्हतं. त्या काळी ही चौघं सुरतेत आली होती. तिच्या काकांकडून पास मिळणार होते, पण ती मला न घेताच गेली. निदान मी तरी तसंच समजले. दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही, मीही बोलले नाही. अडलंय माझं खेटर, असं म्हणत वर्षं गेली. पुढे ती लग्न होऊन भरुचला गेली. त्याच सुमारास ती चौघंही फुटली, तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

मैत्रिणींच्या ग्रुपवरून तिचा नंबर घेतला आणि कळवलं, "दोन तिकिटं आहेत. येतेस?" तिने वाचलं, हे दिसलं. उत्तर मात्र येईना. बँकेत काउंटरवर बसून मी सारखा पदराआड मोबाइल बघायची. एका काकांचं पासबुक दुसऱ्याच काकांच्या हातात दिलं. ती नाही आली तर मीही जाणार नव्हते. एकटीने बसून ती गाणी ऐकणं मला जमलं नसतं.

रविवारी दुपारी तिचा फोन आला. नमस्कार नाही की काही नाही.

"ते दिवसे तें मने केम ऊभी राखी? शो पूरो थयो त्यां सुधी हुं गेट पर ऊभी रही!"

"शो संपेपर्यंत गेटवर? माझ्यासाठी? तू मला बोलावलंस कधी?"

"फोन कर्यो'तो! तारी मम्मीने पूछ्युं, नवरी छे? एमणे कह्युं, हा, नवरी शे!"

गुजरातीत नवरी म्हणजे मोकळी, रिकामी. त्या दिवशी दुपारी माझा घाईत ठरलेला साखरपुडा होता; तिला सांगायचं राहिलं होतं, पण संध्याकाळी शोला मी जाणारच होते. घरमालकांकडे फोन आला, पाहुण्यांच्या गडबडीत तो आईने घेतला. आई तेव्हा धुळ्याकडून नुकतीच आलेली, घरात सगळी अहिराणी. समोर बसून लसूण सोलणाऱ्या आईला मी तिथल्या तिथे विचारलं.

"ती इचारे, नवरी शे का?" आई म्हणाली. "मी सांगं, हा, नवरी शे. तुना साखरपुडा व्हता ना! खोटं काय सांगं मी? बाकीनं माले काही समजनं नही."

आईवर चिडावं की हसावं कळेना, आणि रडूच आलं. फोनवर तीही नाक ओढत होती. हसत होती की रडत होती, कोण जाणे.

मग सावरून तिने विचारलं, "तो शनिवारे नवरी छे के नहीं?"

शोच्या शनिवारी बँक चालू, नवऱ्याची दुपारची पाळी, आईचं गुडघ्याचं औषध. साखरपुड्यानंतर मी नवरी झाले ती झालेच. तिच्या भाषेतली नवरी मात्र मी त्यानंतर एकदाही झाले नव्हते.

"सांग ना तिले," लसणीवरची नजर न काढता आई म्हणाली. "नवरी शे म्हनीसन."

"हा," मी म्हटलं. "नवरी छुं."