बायच्या लग्नाची पुकार

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही बाय म्हणायचो. ती मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील, त्या नाताळात ती घरी आली ती एका माणसाला सोबत घेऊन. त्याच्या आजोबांनी आफ्रिकेतून येणाऱ्या बोटीवर कोळसा ओढला होता आणि मुंबईला उतरले ते परत गेलेच नाहीत. हा लहानपणीच पोरका झाला, पुण्याला मिशनच्या बोर्डिंगात वाढला, आणि बायच्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. त्याचं मराठी इतकं शुद्ध होतं, की आमच्या घरची वसईकडची बोली त्याच्यापुढे ओशाळून आत जाऊन बसली.

तो काळा होता. आमच्या गावात 'सावळा' म्हणतात तसा नव्हे. आमच्याकडे गहू पिकत नाही, पण लग्नाच्या मुली मात्र झाडून सगळ्या गव्हाळ. त्या हिशेबात त्याला बसवायला आमच्याकडे शब्दच नव्हता.

बाबांनी त्याला ओट्यावर खुर्ची दिली, चहा दिला, आणि तासभर रेल्वे, हॉस्पिटल, पाऊस, पुण्याची थंडी सगळं विचारलं. ज्यासाठी तो आला होता तेवढं सोडून. तो गेल्यावर आई म्हणाली, "मानूस चांगला हाय, पन..." आणि तो 'पन' दोन दिवस घरात तसाच पडून राहिला. कुणी उचलला नाही.

मी तेव्हा अठरा वर्षांची होते आणि माझं स्वतःचं बोलणं शेजारच्या गावात चाललं होतं. घर चांगलं, बागाईत, मुलगा शिक्षक. बायचं हे लग्न झालं तर ते लोक मागे फिरतील, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून बाय आनंदात असताना मी मनातल्या मनात तिचं लग्न मोडावं म्हणून प्रार्थना करत होते. रोज गुडघ्यावर बसून करत होते, नियमाने.

बाबांना नाही म्हणता येत नसे. बाय मुंबईला जाते म्हणाली तेव्हाही त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. नाही म्हणायचं काम ते नेहमी दुसऱ्यावर सोपवायचे, आणि या खेपेला ते त्यांनी पुकारीवर सोपवलं. आम्हा ख्रिस्ती लोकांत लग्नाआधी तीन रविवार देवळात नावं पुकारतात. कुणाला या लग्नात अडचण ठाऊक असेल तर त्याने ती फादरना येऊन सांगावी, न सांगणं पाप आहे, असंही म्हणतात. तेव्हा मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, लॅटिनमध्ये असायची, त्यामुळे वेदीवर काय चाललंय ते देवालाच माहीत. पुकार मात्र मराठीत, आणि तेवढ्यापुरतं अख्खं देऊळ जागं व्हायचं.

पहिल्या रविवारी बायचं नाव पुकारलं. मिस्सा संपल्यावर बाबांनी मला खूण केली आणि आम्ही वेदीमागच्या खोलीत गेलो. फादर अंगावरची वस्त्रं उतरवत होते.

"अडचन हाय, फादर," बाबा म्हणाले. "तुमीच म्हनालात, असेल त्यानं सांगावी."

फादर गंभीर झाले. "त्याचं आधी लग्न झालंय?"

"नाय."

"तुमच्या नात्यातला निघाला?"

बाबांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की फादरनी तो प्रश्न आपणच मागे घेतला. "बाप्तिस्मा?"

"झालाय. कागद दाखवला त्यानं."

"मग अडचण कसली?"

बाबा हातातली टोपी फिरवत राहिले. "काळा हाय, फादर."

फादरनी बाबांच्या हातांकडे बघितलं. जन्मभर पानमळ्यात राबलेले ते हात. "आणि तुम्ही?"

"आमचं उनाचं हाय," बाबा म्हणाले.

मला तेव्हा यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. मला ते अगदी बरोबर उत्तर वाटलं. फादर म्हणाले, "चर्चच्या यादीत ही अडचण नाही. घरी जा." त्यांनी ती वहीतसुद्धा लिहिली नाही, याचं बाबांना वाटेत फार वाईट वाटलं. आपलं म्हणणं निदान कागदावर तरी यायला हवं होतं, असं ते दोनदा म्हणाले.

आता एका नटाबद्दल सांगायला हवं. नाव घेत नाही. त्याची नातवंडं असतील, त्यांचा काय दोष. नाटकात गायचा, आणि त्याच्या रेकॉर्डी घराघरात वाजायच्या. आमच्या घरी ग्रामोफोन होता तो त्याच्यासाठीच. हिवाळ्यात तो राजोडीला हवापालटाला येऊन राहायचा, आणि बाबा दर आठवड्याला आमच्या मळ्यातली निवडक विड्याची पानं केळीच्या सोपटात गुंडाळून त्याला पोचवायचे. "त्याच्या ओठावर माझ्या वेलाचा रंग असतो," असं बाबा लोकांना सांगायचे. आमच्या घरातला हा एकमेव मोठेपणा होता आणि आम्ही तो पुरवून पुरवून वापरायचो.

त्या आठवड्यात शाळेच्या नव्या खोल्यांसाठी त्याचा कार्यक्रम होता. दुपारची वेळ, शाळेच्या मैदानात मांडव. हिंदू, ख्रिस्ती, अर्नाळ्याचे कोळी, सगळं गाव लोटलेलं. बाय आपल्या होणाऱ्या नवऱ्याला घेऊन आली होती. पहिल्या रांगेत बाबा, मग बाय, मग तो, मग मी. बाबांच्या मांडीवर पानांची गुंडाळी होती.

नट गायला तर सुरेखच. मधेमधे नकला करत होता. हसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि बाबा तर डोळे पुसत हसत होते. मग तो रंगमंचाच्या कडेला आला, डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाला, "मांडवात ढग उतरलाय का हो? पहिल्या रांगेत एवढी सावली कुठून आली?"

लोक हसले. तो आणखी वाकला. "अरे, माणूस आहे होय. आणि शेजारी आपल्या गावची मुलगी. पोरींनो, माळ घालताना दिवा घेऊन जात जा. तसे आम्हीही काळेच, पण आमचं उन्हाचं, पावडरीखाली जातं. याला पावडर लावायची तर कारखाना काढावा लागेल."

मांडव कोसळेल इतकं हसले लोक. मीही हसले. खोटं कशाला सांगू? मोठ्याने हसले, त्याच्या शेजारी बसून. तोही हसला. ओठ न उघडता, मान जराशी खाली घालून, सवय असल्यासारखा. बाय समोर बघत होती.

बाबांचं तोंड आधीच्या नकलेपासून हसण्यासाठी उघडं होतं ते तसंच राहिलं. 'आमचं उन्हाचं' हे शब्द त्यांनी ऐकले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते शब्द आधी कुणी म्हटले होते हे त्या मांडवात आम्हा दोघांनाच माहीत होतं.

ते उठले मात्र नाहीत. बाबा उठणाऱ्यांतले नव्हते. कार्यक्रम संपला, नटाने हात पुढे करून "पानवाले, आणा की आमचं पान" म्हटलं, तेव्हा ते उठले. मी त्यांच्या मागे गेले. बाबांनी गुंडाळी त्याच्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, "तो माझा जावई हाय."

"अहो, थट्टा होती," नट म्हणाला.

"हां," बाबा म्हणाले. "मीबी केलती तीच."

माईक बंद होता आणि लोक खुर्च्या सरकवत होते. माझ्याशिवाय कुणी ऐकलं नाही. एवढ्या लोकांसमोर जे झालं त्याला एवढंसं उत्तर मला पुरलं नाही, अजूनही पुरत नाही. पण ते त्यांना जमण्यासारखं सर्वांत मोठं होतं, हेही मला माहीत आहे.

बायने दुरून एवढंच बघितलं, की ज्याने आपल्या माणसाचा असा तमाशा केला त्याला आपला बाप वाकून पान देतो आहे. घरी येऊन तिने पिशवी भरली. "बाबा, लग्नाच्या दिवशी तुमी देवळात येऊ नका," ती म्हणाली. "वेदीपर्यंत मी एकटी चालेन." संध्याकाळच्या एसटीने ती दोघं गेली.

बाबा काय बोलले ते मी तिला ओसरीवरच सांगू शकत होते. एक वाक्य होतं ते. ती रागाने गेली आहे तर कदाचित सगळंच मोडेल, असं मला वाटलं आणि मी गप्प बसले.

दुसऱ्या रविवारी नावं पुकारली आणि बाबा पुन्हा वेदीमागच्या खोलीत गेले. मला बोलावलं नाही, तरी मी गेले.

"फादर, माझी ती अडचन लिहा."

फादर वैतागले. "मी सांगितलं ना, ती अडचण होत नाही."

"म्हनून काय झालं? मी बोललो ना ती? लिहा. आनि मग मी खोडतो."

फादरनी वहीत नाही, एका कोऱ्या कागदावर लिहिलं. बाबांना लिहायला येत नसे, सहीपुरतं यायचं. त्यांनी टाक घट्ट धरून त्या ओळीवर एक रेघ ओढली, मग खाली सही केली. तो कागद घेऊन ते त्याच दिवशी मुंबईला गेले. जन्मात दुसऱ्यांदा.

तिसऱ्या रविवारी दोघं घरी आली होती. बायचे डोळे सुजलेले, पण ती बाबांच्या शेजारी बसली होती. मी चहा घेऊन ओट्यावर आले तेव्हा बाबा त्याच्याशी बोलत होते.

"कागद बायनं वाचला. पन तुला मी तोंडानं सांगायला पायजे. लग्नाला मी अडचन घातली होती. तू काळा म्हनून."

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"कोनी सांगितलं?"

"कुणी नाही. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी घालतंच." त्याने बशी खाली ठेवली. "ती खोडायला मुंबईपर्यंत आलेले तुम्ही पहिले."

बाबांनी रुमाल काढून तोंड पुसलं आणि बराच वेळ तो खाली घेतला नाही. मग बायचा माणूस माझ्याकडे वळून हसला, कप घेण्यासाठी. बोलायची वेळ माझी होती. मी विचारलं, "साखर कमी नाय ना?"

बाबांनी बायला वेदीपर्यंत नेलं. शेजारच्या गावचे लोक मागे फिरले. वर्षभराने मला दुसरं स्थळ आलं आणि ते चांगलं निघालं. तो पस्तीस वर्षं माझा भावोजी होता. माझ्या तिन्ही मुलांचे दुखरे हात-पाय आणि छाती त्याने फोटो काढून बघितली, माझ्या नवऱ्याच्या आजारपणात उशाशी बसला. आमची बोली शिकला, आणि तीत चुकला की मी त्याची नक्कल करायचे. माझ्या विनोदाला घरात सर्वांत आधी तो हसायचा, ओठ न उघडता, मान जराशी खाली घालून. त्या दिवशी मांडवात त्याने मला ऐकलं होतं की नाही, हे विचारायचं धाडस मला पस्तीस वर्षांत झालं नाही.