मेंढीचे दात आणि माझी तोंडी परीक्षा

मंडळी, आज मी परीक्षेत माणसाच्या प्रश्नाला मेंढीचं उत्तर देऊन आले. हसून घ्या!

मी डेंटलच्या पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीत निमोण्याला घरी उजळणी करत होते, पण कुठला दात कितव्या वर्षी येतो ते पाठच होईना. आमच्या आजोबांनी, म्हणजे आप्पांनी, जन्मभर मेंढरं राखली. ते म्हणाले, "त्यात काय अवघड हाय? दोन दाती मेंढी दीड वर्साची. चार दाती झाली की ऐन तरणी. तोंड उघडून बघायचं!" मग रोज सकाळी मला गोठ्यात नेऊन मेंढ्यांची तोंडं उघडायला लावली.

आज सरांनी विचारलं, "पुढचे पक्के दात कधी येतात?"

मी ठसक्यात म्हणाले, "दीड वर्षाला!"

"कुणाला?"

"मेंढीला, सर."

सर चष्मा काढून हसले. आधी त्यांनी मेंढीचंच सगळं विचारून घेतलं, मग माणसाचं. आणि काय सांगू, डोळ्यांसमोर उघडं तोंडच दिसत होतं! अक्कलदाढेपर्यंत एकही चुकलं नाही. पास!

तुमच्या घरी आहे का हो असा कुणी मास्तर?

संध्याकाळी आप्पांना व्हिडिओ कॉल करून सगळं सांगितलं. त्यांनी लगेच मोठा आ केला. "आता माझं वय सांग बघू."

मी मोजले. चारच उरलेत.

"आप्पा, तुम्ही तर चार दाती. ऐन तरणेच की!"