बर्फाची तालीम वाळूत

सिंगापुरात, यिशुनच्या आमच्या ब्लॉकमध्ये लिफ्ट सोडून मी जिने चढायला लागले, तेव्हा लोकांना गंमत वाटली. बर्फाच्या डोंगरावर चालायचंय म्हणून, असं सांगितल्यावर तर त्यांना हसू आवरेना. “फ्रीजरमधला सोडून दुसरा बर्फ पाहिलायस का गं?” इथल्या मराठी मंडळातल्या एकीने विचारलं. नाही पाहिला! मग? न पाहिलेल्या गोष्टीची तयारी करू नये, असा कुठे कायदा आहे?

उत्तर जपानच्या डोंगरात आम्ही दोघं जाणार होतो, मी आणि आमचे हे. बरोबर गाइड होता, पण वाट गजबजलेल्या स्कीच्या मैदानावरची नव्हती. त्याच्या पलीकडची, जिथले उतार कोणी राखत नाही. हिमस्खलनाचा धोका किती, हे सांगणारं तिथलं पत्रक मी रोज ऑफिसला जाताना एमआरटीच्या गाडीत वाचायचे. वाऱ्याने डोंगराच्या एका अंगाला जड बर्फ आणून टाकलेला आणि त्याच्याखाली रव्यासारखे सुटे कण. अशा उतारावर पाऊल पडलं की वरचा थर अख्खा सुटतो आणि माणूस त्यात गाडला जातो. म्हणून प्रत्येकाच्या छातीवर एक यंत्र बांधतात, ते सतत सिग्नल पाठवतं. एक जण गाडला गेला तर दुसऱ्याने आपल्या यंत्रावरचे बाण आणि अंतराचे आकडे बघत त्याला शोधायचं, लांब काठी खुपसून खात्री करायची आणि खणायचं. श्वास आहे तोवर. बाहेरून मदत येईपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणजे माझा जीव कोणाच्या हातात? यांच्या.

आणि यांना तालमीची लाज वाटत होती!

हे जहाजावर चीफ इंजिनीअर. तिथे आगीच्या ड्रिलला कोणी आळस केला, तर यांचा आवाज इंजिनाच्या वर चढतो म्हणे. रविवारी सकाळी सेंबावांगच्या किनाऱ्यावर मी माझं यंत्र डब्यात घालून वाळूत पुरलं, तर हेच चीफसाहेब चोरासारखे इकडेतिकडे बघायला लागले.

“लोक बघतायत गं.”

“बघू देत. लोक येणारेत का मला उकरायला?”

मग यांनी दोन फेऱ्या मारल्या. आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागला, तशी हसून म्हणाले, “गाइड आहे ना! चल, गरम कोपी पिऊ.” बरोबर आलेल्या लेकीने फोनमधून मान वर न करता सिंगापुरी थाटात री ओढली, “आई, रिलॅक्स लाह.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“आणि गाइडच गाडला गेला तर? मी तुम्हाला या वाळूत दर वेळी शोधलंय. तुम्ही मला एकदाही नाही. अहो, तुम्ही घरीच राहा. मी एकटी जाते.”

“नवऱ्यावर विश्वास नाही तुझा?”

“नाही! दर वटपौर्णिमेला सात जन्म मागत आले तुम्हाला. सात जन्मांचं राहू दे, या जन्मात मला शोधता येतंय का ते दाखवा.”

यांचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण शब्द मागे घेतला नाही.

चडफडत यांनी यंत्र उचललं. मी घड्याळ लावलं. या वेळी हे गुडघ्यांवर आले, आकडे बघत सरकले, काठी खुपसली, चुकली, परत खुपसली, मग ओल्या वाळूत हात घालून खणत राहिले. घामाने शर्ट पाठीला चिकटला. फिरायला आलेलं एक म्हातारं जोडपं थांबून टकामका बघत होतं, पण यांचं तिकडे लक्षच नव्हतं. शेवटी डबा निघाला. दोन्ही हातांनी उंच धरून ओरडले, “सापडला! बघ, सापडला!”

मी घड्याळ बंद केलं.

“डबा सापडला हो. मी केव्हाच गेले.”

यांनी उंचावलेले हात खाली घेतले. लेकीने फोन बाजूला ठेवला. यांनी डबा माझ्या हातात दिला आणि कुठे पुरते ते दिसू नये म्हणून पाठ फिरवली.

“पुन्हा पूर,” म्हणाले.

पुरला. या वेळी आणखी खोल.